लेखातला सूर कुठे शोधायचा आणि शैली कुठे: स्मरणिकेचं एडिटिंग करणाऱ्या मुलीला जरा लांब उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इथल्याच, म्हणजे इंदूरच्या एका मराठी मंडळाची स्मरणिका निघतेय, लेख गोळा करून तपासायचं काम एका मुलीकडे आलंय, व्याकरण तिचं पक्कं आहे, तिने मन लावून सगळे लेख नीट केले आणि लेखकांना दाखवले तर दोन-तीन ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. एक काका तर म्हणाले, अगं चुका गेल्या ते ठीक, पण हे मी लिहिलंय असं वाटत नाही. आता तिचं विचारणं असं की काकू, लेखाचा सूर म्हणतात तो नक्की दिसतो कुठे, सूर आणि शैली वेगळे कसे काढायचे, आणि हात लावायच्या आधी हे ओळखायची काही पद्धत आहे की हे सगळं 'जाणवतं' वगैरे प्रकरण आहे.

पद्धत आहे. जाणवतं हे खरंच, पण कशामुळे जाणवतं ते कागदावर बोट ठेवून दाखवता येतं, आणि ज्याला दाखवता येत नाही त्याने दुसऱ्याच्या लेखाला हात लावू नये असं माझं जरा कडक मत आहे. मी इंदूरलाच हिंदी-मराठी दोन्हीकडची कॉपी तपासत आले इतकी वर्षं, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस. आणि हो, तुला तू म्हणतेय, चालेल ना? यावर पुढे बोलायचंच आहे.

सगळे जण सूर शोधायला आधी मोठ्या शब्दांकडे धावतात. दुःखद, हृद्य, संतापजनक, अविस्मरणीय, असे शब्द सापडले की झालं, सूर भावपूर्ण. शाळेत उताऱ्याखाली 'लेखकाचा सूर ओळखा' असं विचारून चार पर्याय देतात ना, गंभीर, विनोदी, उपरोधिक, तटस्थ, त्याने ही सवय लागते. पण मोठे शब्द फक्त एवढंच सांगतात की लिहिणाऱ्याला स्वतःबद्दल काय दाखवायचंय. खरा सूर असतो तो ज्या शब्दांना धड अर्थही नाही त्यांच्यात. च, तर, ना, की, म्हणे, बुवा, एकदाचा, अवघ्या, हं, बरं का. इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो जिरावन मसाला जसा, दिसतं चिमूटभर आणि नसलं की लगेच कळतं. त्याशिवाय क्रियापद कसं संपलंय आणि वाचणाऱ्याला कोण धरून बोललंय, या दोन जागा.

करून बघ. साहेब आले. ही नुसती बातमी झाली. आता, साहेब आले एकदाचे. लिहिणारा बराच वेळ ताटकळलाय आणि वैतागलाय, हे त्याने कुठेही सांगितलेलं नाही तरी आपल्याला कळलं. साहेब आले म्हणे. याने स्वतः बघितलेलं नाही, आणि फार कौतुकही नाहीये. साहेबच आले. म्हणजे यायचं होतं दुसऱ्याच कोणीतरी, बाबू किंवा शिपाई, आणि मामला वाटला त्यापेक्षा मोठा आहे. आले बुवा साहेब. इथे हुश्श आहे, आणि सांगणारा-ऐकणारा एकाच बाकावर बसलेत. साहेबांचे आगमन झाले. हे कार्यक्रमाच्या अहवालात असेल तर सरळ आहे, पण आधीच्याच वाक्यात साहेब स्कूटरवरून घसरले असतील तर हाच शब्द चेष्टा करतोय. माहिती सगळीकडे तीच, माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा. आणि एडिटिंग करताना आपण सगळ्यात आधी काय कापतो? हेच. 'एकदाचे' कशाला, 'म्हणे' बोलीभाषेतलं आहे, 'च' दोनदा आलाय. कापलं, वाक्य स्वच्छ झालं, आणि काका नाराज.

म्हणून पहिली पद्धत ही की शंका आली त्या वाक्यातला एक बारका शब्द काढ, वाक्य मोठ्याने वाच, मग परत घाल आणि परत वाच. काही बदललं नाही तर तो शब्द खरंच फालतू होता, खुशाल काढ. बदललं तर काय बदललं ते एका ओळीत मार्जिनमध्ये लिही, 'वैताग गेला', 'शंका गेली', असं साधं. मनातल्या मनात वाचून हे होत नाही, मोठ्यानेच वाचावं लागतं, घरचे हसले तर हसू दे.

भावनेचे शब्द नसताना सूर किती दाट असू शकतो याचं आपल्या इतिहासातलं उदाहरण म्हणजे पानिपतानंतरचं ते सावकारी पत्र. १७६१ चा जानेवारी, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, वाटेत नर्मदेच्या आसपास एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती लागलं असं सांगतात. मजकूर वेगवेगळ्या प्रकारे छापला जातो पण गाभा असा की दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. यात रडू कुठे आहे? कुठेच नाही. व्यापाऱ्याच्या हिशोबाची भाषा आहे, आणि ती गुप्ततेसाठी तशी ठेवलेली. पण वाचताना अंगावर येते ती याचमुळे, की दोन मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, आणि शेवटची 'गणती नाही' ही एवढीच जागा अशी आहे जिथे हिशोब करणाऱ्याने हात टेकलेत. आता कोणी यात 'अत्यंत दुःखाने कळवावे लागते की' असं सुरुवातीला जोडलं तर? पत्र संपलं.

तुझ्या स्मरणिकेत श्रद्धांजल्या असतीलच, नसतात अशी स्मरणिका मी बघितली नाही. तिथे हा फरक रोज दिसतो. एक जण लिहितो, त्यांच्या निधनाने मंडळात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. दुसरा लिहितो, नाना गेले, आता मंडळाच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते ते कोणालाच माहीत नाही. पहिलं वाक्य कोणाच्याही नावाने छापता येतं, नाव बदलायचं फक्त, म्हणून त्यात सूर जवळजवळ शून्य आहे, रीत आहे. दुसऱ्यात एकही भावनेचा शब्द नाही तरी माणूस गेल्याचं जाणवतं. पण असं वाक्य आलं की बहुतेक संपादक त्याला 'श्रद्धांजलीला न शोभणारं' म्हणून बदलतात. तू बदललंयस का ते जाऊन बघ आधी.

आता ते तू-तुम्ही. मराठीत पहिल्या वाक्यालाच ठरवावं लागतं की समोरच्याला कुठे बसवलंय. तू, तुम्ही, आपण, किंवा थेट न बोलता 'वाचकांनी लक्षात घ्यावे'. पण माझ्या मते आपल्या इंदूरच्या लेखांत याहूनही मोठी खूण म्हणजे 'आपण' की 'आम्ही'. 'आपण इंदूरचे मराठी लोक' असं लिहिलं की वाचणाराही इंदूरचा आणि लेखक त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलतोय. 'आम्ही इंदूरचे मराठी लोक' म्हटलं की वाचणारा बाहेरचा झाला, पुण्या-मुंबईचा, आणि लेखक त्याला काहीतरी पटवून देतोय, थोडा ताठ उभा आहे, आमचंही मराठी मराठीच आहे बरं का, असं. दोन्ही चालतं, पण एकाच लेखात मधेच आपण मधेच आम्ही झालं तर लेखकाला स्वतःलाच ठरलेलं नाही की तो कोणाशी बोलतोय, आणि अशा वेळी फोन करून विचारायचं, हा लेख तुम्ही कोणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय. या एका प्रश्नावर लोक दहा मिनिटं बोलतात आणि अर्धी दुरुस्ती तिथेच होते. (आपल्याकडे अजून एक गंमत, हिंदीतल्या 'अपन'मुळे 'आपण तर नाही जाणार बुवा' म्हणजे मी नाही जाणार. तो आपण वेगळा, त्याला वरचा नियम लावू नकोस.)

जुन्या पत्रांत हे सगळं ठरलेलंच असायचं. वडिलांना तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याला चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, बरोबरीच्याला स.न.वि.वि., शेवटी लोभ असावा ही विनंती. मग सगळी पत्रं एकसारखीच ना? उलट. मायना ठरलेला असला की सूर मायना मोडल्याच्या जागी दिसतो. जे वडील दरवेळी 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायचे त्यांनी एकदा नुसतं 'चि. यास, पत्र मिळाले' असं सुरू केलं की मुलाला पुढचं वाचायची गरज नाही, राग कळला. आज व्हॉट्सअॅपवर हेच चालतं. जी मैत्रीण एरवी 'ओक्केएए' लिहिते तिने 'ठीक आहे.' असं पूर्णविरामासकट लिहिलं की आपण लगेच फोन लावतो. तर सूर ओळखताना त्या प्रकारच्या लेखनात नेहमीचं काय असतं ते आधी माहीत पाहिजे, इतिवृत्तात काय, मनोगतात काय, निमंत्रणात काय. मग लेखक जिथे त्यातून बाहेर पडला तिथे पेन्सिलने खूण करायची.

आता शैली. लोक दोन्ही शब्द एकत्रच वापरतात, पण तुला एडिटिंग करायचंय म्हणून वेगळे काढलेले बरे. सूर लेखागणिक बदलतो, कधी एकाच लेखात दोनदा बदलतो, कारण तो विषयाकडे आणि वाचणाऱ्याकडे बघायचा त्या वेळचा पवित्रा आहे. शैली माणसाबरोबर राहते. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेते. जुलै १८९७, पुण्यात प्लेगचा बंदोबस्त, रँडचा खून होऊन गेलेला, सरकारने पुणेकरांवर दडपण वाढवलेलं, आणि केसरीत टिळकांचा अग्रलेख येतो, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'. हा प्रश्न आहे पण उत्तर नकोय. आणि डोकं ठिकाणावर आहे का हे घरात कोण कोणाला विचारतं? मोठा माणूस लहान्याला. यात शिवी नाही, कडक विशेषण नाही, नुसतं नातं उलटं केलंय, राज्यकर्त्याला वाह्यात पोराच्या जागी उभं केलंय. सगळा सूर त्या एका पवित्र्यात आहे. त्यानंतर लगेचच दुसरा अग्रलेख येतो, 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. हाही सरकारवरच, पण आता दटावणारा आवाज नाही, व्याख्या सांगणारा आहे, म्हणजे-नव्हे अशा मांडणीने समजावतोय. सूर बदलला. शैली? दोन्ही मथळे म्हणजे पूर्ण बोलता येईल असं वाक्य, दोन्हींत जड संस्कृत शब्द नाहीत, दोन्हींत वाद घालायची तयारी. ती तशीच राहिली. सूर म्हणजे काय एवढं, असं कोणाला वाटत असेल त्याने १९०८ चा खटला आठवावा, केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले, आणि टिळकांनी स्वतः कोर्टात जो बचाव केला त्यात एक मुख्य तक्रार अशी होती की कोर्टापुढे ठेवलेल्या इंग्रजी तर्जुम्यात आपल्या मराठीचा रोख बदललाय. त्या कोर्टात मग वाक्याच्या सुरावर खल झाला.

तर शैली ओळखायची असेल तर एकाच माणसाची वेगवेगळ्या प्रसंगाची दोन-तीन लिखाणं शेजारी ठेव, मागच्या वर्षीच्या स्मरणिका असतीलच मंडळाच्या कपाटात, किल्ली मिळाली तर. एक श्रद्धांजली, एक गमतीचा लेख, एक तक्रारीचं पत्र. तिन्हींत जे सारखं आहे ती शैली. काय बघायचं? वाक्यं लांब की तुटक, आणि लांब असतील तर ती 'आणि'ने लांबतात की 'ज्या-त्या', 'जेव्हा-तेव्हा'ने. कारण आधी सांगतो की घटना आधी आणि कारण मागून. नावं घेतो की 'काही लोक' म्हणतो. क्रियापद शेवटी ठेवतो की बोलल्यासारखं मधेच टाकून पुढे एखादा शब्द लोंबकळत ठेवतो, 'गेलो होतो आम्ही तिकडे, पायी' असं. स्वतःलाच मधे थांबवून काही सांगतो का. शब्द घरातले आहेत की ऑफिसातले. मी तर पहिल्या पानावरची नुसती क्रियापदं वेगळ्या कागदावर उतरवते. ज्याच्या यादीत होणे, असणे, करण्यात येणे एवढंच भरलंय आणि ज्याच्या यादीत ढकलणे, पुटपुटणे, हुसकणे, उकरणे आहे, ती दोन माणसं पूर्ण वेगळी आहेत आणि त्यांना एकाच कात्रीने कापता येणार नाही.

हे 'करण्यात येणे' प्रकरण जरा बघ, कारण स्मरणिकेत याचा पूर येतो. ठराव मंजूर करण्यात आला, सत्कार करण्यात आला, हिशोब उशिरा सादर करण्यात आला. कोणी? कर्ता गायब. अहवालात ती रीत आहे, ठीक, सोडून दे. पण आठवणींच्या लेखात कोणी 'आम्हाला तेव्हा गच्चीवर झोपवण्यात येत असे' लिहिलं तर दोन शक्यता, एकतर लेखक ऑफिसात आयुष्य काढून आलाय आणि हात तसाच वळतो, किंवा मुद्दाम सरकारी भाषा वापरून आजीच्या शिस्तीची मजा करतोय. ओळखायचं कसं? आजूबाजूला बघ. बाकी लेखही तसाच असेल तर पहिलं. बाकी लेख मोकळा आणि हेच एक वाक्य कडक इस्त्रीचं असेल तर दुसरं, आणि त्याला हात लावलास तर विनोद मेला.

उपरोध ओळखायलाही हेच लागतं, शब्दांचं माप आणि गोष्टीचं माप जुळतंय का. 'कार्यालयाने आमच्या अर्जाची तत्परतेने दखल घेऊन अवघ्या अकरा महिन्यांत उत्तर पाठवले.' अवघ्या म्हणतं थोडं, अकरा महिने म्हणतात बरंच, या दोघांच्या भांडणात उपरोध आहे. मन लावून तपासणारा माणूस इथे 'अवघ्या' कापतो, कारण तर्काला धरून नाही. आणि खालची पातळी सांगते, ती परीक्षेत विचारत नाहीत पण एडिटिंगला फार लागते, की हसतंय कोण कोणाला. उपहासात लेखक वर उभा राहून खालच्याला हसतो. मिश्कील लेखक ज्याला हसतोय त्याच्याच शेजारी उभा असतो, बहुतेकदा स्वतःलाही धरून. शब्द दोघांचे सारखे असू शकतात. फरक कळतो तो त्याने स्वतःला वाक्यात कुठे ठेवलंय यावरून, म्हणून मिश्कील लेखातला 'आम्ही' काढून तिथे 'लोक' घातलंस की लेख एकदम कुजका वाटायला लागतो आणि लेखकालाही समजत नाही की आपला लेख असा का झाला.

तू एक परिच्छेद पाठवलायस, मूळ आणि तुझा. विषय वर्गणीचा. मूळ मी थोडं बदलून इथे देते म्हणजे काकांची ओळख राहायला नको. 'आमच्या वेळी वर्गणीला जायचं म्हणजे आधी त्यांच्याकडे चहा प्यायचा, मग त्यांच्या मुलाच्या नोकरीचं ऐकायचं, मग गुडघ्याचं, मग दुसऱ्या गुडघ्याचं, आणि निघताना ते पाच रुपये द्यायचे, तेही पावती मागून.' आणि तुझं, 'पूर्वी वर्गणी गोळा करण्यासाठी बराच वेळ द्यावा लागत असे, मात्र त्या तुलनेत मिळणारी रक्कम अल्प असे.' व्याकरणाने तुझं निर्दोष आहे. पण बघ काय काय गेलं. मूळ वाक्य मुद्दाम लांबवलंय, वाचणाऱ्यालाही त्या सोफ्यावर बसवून ठेवलंय, मग-मग-मग ने वेळ जातोय तो वाक्यातच जातोय, तू 'बराच वेळ' असं सांगून टाकलंस आणि वेळ गेलाच नाही. 'दुसऱ्या गुडघ्याचं' यात हसू आहे. 'तेही पावती मागून' शेवटी आहे, अगदी शेवटीच असायला पाहिजे, कारण मराठी वाक्यात शेवटची जागा जोराची असते आणि काकांना ती कुठून कळली कोण जाणे पण त्यांनी बरोबर वापरलीय. आणि सूर? तक्रारीचा नाहीये. तुझ्या वाक्यात तक्रार झालीय. मूळ वाक्यात त्या पाच रुपयेवाल्या माणसाबद्दल माया आहे, चहा पाजणारा, गुडघे दुखणारा, व्यवहाराला पक्का. ही माया कशात आहे विचारशील तर बारकाव्यांत, ज्याचा राग असतो त्याच्या दोन्ही गुडघ्यांची आठवण आपण ठेवत नाही. इथे दुरुस्ती किती हवी होती? फार तर एखादा स्वल्पविराम. 'प्यायचा-ऐकायचं-द्यायचे' ही जुन्या सवयीची रूपं ओळीने आलीयत तीही तशीच ठेव, 'असे-असे' केलंस की लेख पुस्तकी होतो.

मग दुरुस्त काय करायचंच नाही का? करायचं की. ऱ्हस्व-दीर्घ, तुटलेले शब्द, चुकलेली सालं, एकच किस्सा दोनदा आलाय, कोण कोणाचा भाऊ ते कळत नाहीये, हे सगळं बिनधास्त कर, यात कोणाचाही सूर राहत नाही. अडचण येते ती आपल्या हिंदी मिसळलेल्या मराठीची. 'आम्ही राजवाड्यावर फिरून राहिलो होतो तेवढ्यात बारिश सुरू झाली.' पुण्याचा संपादक दोन्ही लाल करेल. माझा नियम साधा आहे, सातत्य बघ. लेखभर माणूस असाच बोलतोय तर तो त्याचा आवाज आहे, ठेव. बाकी सगळा लेख प्रमाण मराठीत आणि एकाच ठिकाणी 'बारिश' घुसलीय तर ती नजरचूक, 'पाऊस' कर. कोणाच्या तोंडचं वाक्य असेल तर कधीच हात लावू नको, सराफ्यातला माणूस 'काय हो भिया' म्हणत असेल तर त्याला 'काय रे मित्रा' करणं हा अन्याय आहे.

आणि याचं उलटंही होतं, ते जास्त होतं खरं तर. आपलं शहर तसं मराठीत मागे नाही, १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं इथे झालीयत, राहुल बारपुत्यांसारखे मराठी घरातले संपादक तर इथल्या हिंदी पत्रकारितेत होऊन गेले. पण गल्लीत मोकळं बोलणारा माणूस 'छापायचंय' म्हटलं की ताठ होतो, त्याला वाटतं आपलं मराठी पुण्याला चालणार नाही, मग 'सदर प्रसंगी उपस्थितांच्या नेत्रांच्या कडा पाणावल्या' असलं काहीतरी लिहून पाठवतो. हा त्याचा सूर नव्हे, हा त्याचा फॉर्मल ड्रेस आहे. कसं ओळखशील? फोनवर त्यालाच तो प्रसंग सांगायला लाव आणि शेजारी लेख ठेव. फोनवर तो म्हणेल, अहो सगळे रडत होते, मी पण, आणि तेवढ्यात माईक बंद पडला. माईक लेखात नसतोच. तिथे मात्र तू ढवळाढवळ कर, त्याला विचारून माईक आत घे, कडा बाहेर काढ. एवढं एडिटिंग मला मान्य आहे कारण ते माणसाच्या दिशेने जातंय.

मोबाइलमधल्या एआयला विचारलं तर चालेल का असंही विचारलंयस. विचार की, 'आठवणीवजा, किंचित विनोदी' असं काहीतरी लेबल मिळेल आणि बऱ्याचदा ते बरोबरही असेल. पण लेबल हातात आल्यावरही तुला हेच ठरवायचंय की 'तेही' ठेवायचं की नाही. त्यामुळे लेबल शेवटी काढ, आधी नको. आधी काढलंस की मग तू लेखात तेच शोधत बसतेस आणि लेख तिसऱ्या परिच्छेदात चुपचाप बदललेला असतो, सुरुवातीला गंमत चाललेली, मधे वडिलांचं नाव आलं आणि वाक्यं एकदम आखूड झाली, ते निसटतं. वाक्यं अचानक आखूड किंवा अचानक लांब झाली की तिथे थांबून परत वाच, सूर बदलायची ती सगळ्यात नेहमीची जागा आहे.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगते. नाराज झालेल्यांचे मूळ लेख परत काढ, तुझ्या कॉपीवर काम करू नको, मुळावरच कर. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नको. दुसऱ्यात फक्त शुद्धलेखन. तिसऱ्यात मोठ्याने वाच आणि जिथे तुझी जीभ अडखळली तिथे खूण कर, आणि मग बघ की अडखळलीस ते वाक्य चुकलंय म्हणून की तू तसं बोलत नाहीस म्हणून, दुसरं असेल तर खूण पुसून टाक. काकांना वर्गणीचा परिच्छेद जसाच्या तसा परत पाठव, वर एक ओळ लिही की तुमचाच ठेवलाय, फक्त 'गुढगा' चा 'गुडघा' केलाय. आणि अध्यक्षांच्या मनोगतात सूर शोधत बसू नको, ते बहुतेक मागच्या वर्षीचंच असतं, साल तेवढं बदललंय का ते बघून घे.